आतल्या खोलीतलं ताट

आमगाव,
२ डिसेंबर २०२३

व्याहीबुवांना केवलरामचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. घरी सगळे ठीक आहेत. तुमच्या सोनलला पाचवा महिना लागला, उलट्या थांबल्या, खाणंपिणं व्यवस्थित आहे. पत्र अशासाठी की तुम्ही फोनवर येत नाही. मी फोन केला की शीलावहिनी उचलतात आणि "ते बाहेर गेले" किंवा "ते झोपले" सांगतात. रिटायर झालेला माणूस इतका बाहेर जात असेल आणि वर इतका झोपतही असेल, तर त्याच्यासारखा सुखी कोण! म्हटलं, पत्र तरी ते स्वतः उघडतील.

आईची तेरवी होऊन महिना होत आला. वहिनी आल्या, तुमचा अभिनव बंगलोरहून सुट्टी काढून आला, दोघांनी घरच्यासारखं काम केलं. त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तेरवीला व्याही स्वतः येतो ही आपल्याकडची रीत आहे, आणि तुम्हीही मूळचे तुमसरकडचे, तुम्हाला ती ठाऊक नसेल असं नाही. पंगतीत तिघाचौघांनी विचारलं, "केवलराम, तुहा व्याही कावून नाई आला?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. त्यावर एक जण म्हणाला, "भिलाईच्या प्लांटचे साहेब हायेत ते. तुह्या राईस मिलच्या कोंड्यानं त्याहीचे कपडे खराब नाई होतीन का?" लोक हसले. मीही हसलो. मग ते डोक्यातून गेलं नाही.

खरं सांगू का, राहुल आणि सोनलच्या लग्नाला दोन वर्षं होत आली, पण मी अजून तुमचा चेहराच पाहिलेला नाही. मुलगी पाहायला आलो तेव्हा कोरोना, लग्नातही कोरोना. तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होते, तुमच्याही होता. लग्नाच्या फोटोत तुमचे नुसते डोळे दिसतात. पण मागच्या वर्षीच्या दिवाळीला राहुल भिलाईला आला तेव्हा कोरोना कुठे होता? तुम्ही घरातल्या घरात मास्क लावून बसला होता, म्हणे धुळीची ॲलर्जी. दोन दिवसांत एकदाही जावयासोबत जेवायला बसला नाही. तो साधा पोरगा आहे, त्यानं मनावर घेतलं नाही. मी घेतलं.

आमचं काही चुकलं असेल तर उघड सांगा. मनात ठेवून वागणारा माणूस मला झेपत नाही.

तुमचा,
केवलराम


मरोदा सेक्टर, भिलाई,
१४ डिसेंबर २०२३

आदरणीय केवलरामजींना सविनय नमस्कार.

पत्र मिळालं. हातानं लिहिलेला पत्ता किती वर्षांनी पाहिला. पाकीट बराच वेळ टेबलावरच ठेवलं होतं.

तुमच्या मातोश्रींच्या वेळी मी यायला हवं होतं. माफी मागतो. तुळसाबाईंना मी एकदाच भेटलो, लग्नात. सगळे त्यांना मास्क लावा म्हणत होते आणि त्या ऐकत नव्हत्या. "मले जीव कोंडल्यावानी होते," म्हणाल्या, आणि तशाच मोकळ्या तोंडानं सगळ्यांना आशीर्वाद देत फिरल्या. मला त्यांचा हेवा वाटला होता.

तुमचं काही म्हणजे काही चुकलेलं नाही. माझ्या घशाचं एक ऑपरेशन झालं आहे, तेव्हापासून आवाज बिघडला. फोनवर मी काय बोलतो ते समोरच्याला कळत नाही, मग तो "काय? काय?" करत राहतो आणि मी दमतो. म्हणून शीला बोलते. धुळीची ॲलर्जीही आहे. इतकी वर्षं प्लांटच्या धुळीत काढली, आता ती वसूल करून घेते आहे.

आणि साहेब वगैरे मी कधीच नव्हतो हो. पर्सोनेल विभागात बसून दुसऱ्यांच्या रजा मंजूर होतात की नाही एवढं पाहिलं. कोंड्याला घाबरणारा माणूस मी नाही. पण आता माणसांत जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासूनच थकल्यासारखं होतं. हे वयाचं असेल. सोनलला बाळंतपणासाठी आणायला वेळेवर अभिनव येईल. कृपा करून गैरसमज ठेवू नका.

आपला,
नरहरी


आमगाव,
२० जानेवारी २०२४

व्याहीबुवा, नमस्कार.

तुम्ही नोकरीभर लोकांच्या रजा मंजूर-नामंजूर केल्या. आता मी तुमची रजा नामंजूर करतो आहे.

वसंत पंचमीला, म्हणजे १४ फेब्रुवारीला, सोनलची ओटी भरायची आहे. सातवा महिना लागलेला असेल. जवळचे पाहुणे, गल्लीतल्या बाया, आमचे भाऊबंद. ओटी झाली, जेवणं झाली, की माहेरच्या माणसानं लेकीला बाळंतपणाला घेऊन जायचं. आणि आमच्या घरात पहिल्या खेपेला लेकीचा बाप येतो. सोनलच्या सासूला, गयाबाईला न्यायला तिचा बाप बैलगाडीनं आला होता, अंगात ताप असताना. तुम्हाला तर दुर्गहून लोकलमध्ये बसायचं आहे.

मी अभिनवसोबत सोनलला पाठवणार नाही. राग समजा, हट्ट समजा. तुम्ही आला नाही तर बाळंतपण इथेच होईल. गोंदियाला दवाखाने आहेत, गयाबाईचे हात चालते आहेत. पण त्या दिवशी शेजारणींसमोर गयाबाईला काय ऐकावं लागेल, आणि तुमच्या मुलीला काय वाटेल, याचा विचार तुम्ही करा.

हे मी सोनलला सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "नको ना बाबूजी, त्यांना नका बोलवू. ते नाही येणार." का, म्हणून विचारलं तर उठून आत गेली. गयाबाई म्हणते ती दोन दिवस धड जेवली नाही. तिला आईकडे जायचं आहे, हे आंधळ्यालाही कळेल. पण बापाला बोलवा, असं ती म्हणत नाही. हे काय आहे मला समजत नाही. मुलगी सासरच्यांना बापाकडे येऊ देत नाही आणि बापाला सासरच्यांकडे येऊ देत नाही. तुम्हा दोघांना आमची लाज वाटते का? लग्नाच्या वेळी आम्ही राईस मिल लपवली नव्हती.

उत्तर तुम्हीच लिहा. वहिनींना लिहायला लावू नका.

केवलराम


मरोदा सेक्टर, भिलाई,
२७ जानेवारी २०२४

केवलरामजी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ॲलर्जी नाही आणि घशाचं ऑपरेशनही नाही. २०२० साल संपताना मला तोंडाचा कॅन्सर निघाला. रायपूरला डावीकडचा खालचा जबडा काढला आणि छातीची कातडी आणून गालावर लावली. कॅन्सर गेला, असं डॉक्टर म्हणतात. जे उरलं ते असं आहे: डावा गाल खोल गेलेला, हनुवटी त्या बाजूला ओढलेली, ओठ पूर्ण मिटत नाहीत. बोलताना लाळ येते, म्हणून हातात कायम रुमाल. जेवताना घास तोंडात कमी आणि बाहेर जास्त. मी आतल्या खोलीत दार लावून जेवतो. शीला ताट ठेवते आणि जाते. हे घरात कुणी ठरवलं नाही, मीच पहिल्या दिवशी दार लावलं आणि मग ते तसंच चालू राहिलं.

आणि मी आयुष्यात कधी तंबाखूचा खर्रा खाल्ला नाही. सुपारीसुद्धा नाही. हे मी का लिहितो आहे ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात सिव्हिक सेंटरला बँकेबाहेरच्या बाकावर बसून, मास्क खाली करून पाणी पीत होतो. माझ्याच विभागातला एक माणूस बायकोला घेऊन शेजारी येऊन बसला. आमची टेबलं वर्षानुवर्षं समोरासमोर होती, त्याच्या डब्यातली भाजी मी खाल्लेली आहे. त्यानं मला ओळखलं नाही. बायकोला हळूच म्हणाला, "देख, गुटखा खाने का नतीजा." मग दोघं उठून पलीकडच्या बाकावर गेले. मी त्याला नावानं हाक मारू शकलो असतो. पण आवाजही असा आहे की तो ऐकून त्यानं आणखी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक. मी पाणी तसंच टाकलं आणि घरी आलो. तेव्हापासून सिव्हिक सेंटर बंद. मंडळाचा गणपती तर आधीच बंद केला होता.

सोनलच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मला हीच भीती होती. लोक तोंड पाहणार आणि म्हणणार, बाप व्यसनी आहे. किंवा म्हणणार, हे घराण्यातच असेल. म्हणून शीलाला आणि मुलांना शपथ घातली. मास्कनं मोठी मदत केली. सगळी दुनिया कोरोना जावा म्हणून देवाला विनवत होती आणि मी मनात म्हणत होतो, लग्न होईपर्यंत तरी राहू दे. किती माणसं मरत होती तेव्हा. असलं मागणं मी मागितलं आहे, हे शीलालाही माहीत नाही.

तुमच्या घराची लाज नाही हो कुणाला. लाज इथे आहे, माझ्या मानेच्या वर.

आता सोनलचं. गयाबाईंनी तिच्या खोलीत गोजिरवाण्या बाळांची चित्रं लावली आहेत, असं शीला सांगत होती. पोटुशीनं सुंदर पाहावं म्हणून. त्या खोलीतून उचलून मी तिला इथे आणू आणि तिच्या डोळ्यांसमोर हे तोंड घेऊन बाळ होईस्तोवर फिरू? म्हणून म्हटलं अभिनव येईल. तो आल्यावर मी काही दिवस तुमसरला भावाकडे जाऊन राहणार होतो. बाळंतपण आटोपलं की परत.

मला बोलवायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा. नको म्हणालात तरी मी समजून घेईन. फक्त सोनलला आईकडे पाठवा.

नरहरी


आमगाव,
८ फेब्रुवारी २०२४

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही तिकडे काय काय समजून बसला असाल, याची कल्पना आहे. खरं कारण सांगतो. तुमचं पत्र मी मिलमध्ये वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्याच खिशात माझा खर्रा असतो. सकाळ-संध्याकाळ हात घातला की दोन्ही हाताला लागायचं. ज्यानं खाल्ला नाही त्याला भोगावं लागलं आणि मी तीस वर्षं खाऊन लोकांना साहेब म्हणून नावं ठेवत बसलो. लिहायला बसलो की कागद तसाच ठेवून उठायचो. खर्रा सोडला, असं लिहिलं असतं तर पत्र छान झालं असतं. सोडलेला नाही. कमी केला आहे, तोही गयाबाईच्या धाकानं.

पत्र गयाबाईला वाचून दाखवलं. रागावू नका, आमच्या घरात तिच्याशिवाय काही ठरत नाही. ती आधी रडली. मग म्हणाली, "पोटुशीनं असं पाहावं का म्हणा?" मी म्हटलं, आता तूच सांग. तिनं बराच वेळ भांडी आपटली आणि मग म्हणाली, "बापच हाये ना तिचा. ते का पहिल्यांदा पाहून राह्यली? त्याहीले म्हणा या. अन् विचारा त्याहीले, खातेत काय काय."

तर या. मास्क घालून या नाहीतर काढून या, पण या. आमच्याकडे तुमच्या तोंडाला कुणी काही म्हणणार नाही. म्हणेल त्याला मी पाहून घेतो. मी सगळ्या भाऊबंदांना आधीच बजावून ठेवलं आहे.

आणि एक राग मात्र आहे, तो लिहून टाकतो. तुम्ही आम्हाला दोन वर्षं तोंड पाहून नातं तोडणारे समजत होता. आम्ही तुम्हाला गर्विष्ठ समजत होतो, ते एक. पण तुम्ही आम्हाला काय समजत होता, ते जास्त लागलं.

काय खाता ते कळवा.

तुमचा,
केवलराम


मरोदा सेक्टर, भिलाई,
२० फेब्रुवारी २०२४

केवलरामजींना नमस्कार.

आम्ही तिघं सुखरूप पोचलो. लोकलमध्ये सोनलला खिडकीची जागा मिळाली. ती बराचसा प्रवास झोपली. इथे आल्यापासून आईजवळच आहे, पाय थोडे सुजतात, बाकी ठीक.

आभार मानायला बसलो आहे. गयाबाईंनी माझ्यासाठी वेगळा मऊ भात केला, खीर गाळून घेतली, वड्यांच्या ऐवजी पातळ वरण दिलं. मी शीलाकडून फोनवर कळवलेला एकेक पदार्थ होता. ओटी भरताना सोनल किती छान दिसत होती. शीला अजून तेच बोलते आहे.

इतकं लिहून पत्र बंद करणार होतो. पण एकदा खोटं लिहून पाहिलं आहे, त्यानं काय होतं तेही पाहिलं. म्हणून पुढचं लिहितो.

तुमच्या दारात मी मास्क काढला. घरून ठरवून निघालो होतो. अंगणात मंडळी होती आणि सगळ्यांनी एकदम माझ्या चपलांकडे पाहिलं. तुम्ही बजावलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं. दिवसभर माझ्याशी बोलताना लोक माझ्या खांद्याशी बोलले, भिंतीशी बोलले, हातातल्या ग्लासशी बोलले. तुम्ही स्वतः माझ्याशी खूप बोललात, पण ओरडून बोललात. माझे कान शाबूत आहेत, केवलरामजी.

मग जेवणं. अंगणात पुरुषांची पंगत बसली. मी हात धुऊन आलो तर तुमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुमचं आत हाये." आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्यांशेजारी टेबल लावलं होतं. वर स्वच्छ चादर, पंखा, पाण्याचा तांब्या, घरातलं सगळ्यात चांगलं ताट. मी बसलो. माझी पाठ दाराकडे होती. मागून दार लागलं. कुणी लावलं ते मला दिसलं नाही.

बाहेर तुमचा आवाज येत होता, "वाढा, वाढा, भात आणा इकडे." कुणीतरी कुणाच्या तरी टकलावर विनोद केला आणि सगळी पंगत हसली. मी खीर खाल्ली. खीर चांगली होती.

मी घरी असंच जेवतो, त्यामुळे तक्रार करायचा मला हक्क नाही. दार उघडून बाहेर यायचं असतं तर येऊ शकलो असतो. आलो नाही. खरं तर दार लागलं तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं. वाईट वाटलं ते नंतर, अर्ध्या जेवणात. आयुष्यभराच्या हिमतीनं मी त्या अंगणात मोकळ्या तोंडानं उभा राहिलो होतो, आणि जेवायच्या वेळी परत दाराच्या आत.

तुम्ही चांगल्या मनानं केलं, हे मला माहीत आहे. म्हणूनच कुणाला काही म्हणता येत नाही, आणि तेच जड जातं आहे.

आपला,
नरहरी


आमगाव,
१ मार्च २०२४

व्याहीबुवा,

पत्र वाचून मी चपलांचंच आधी आठवून पाहिलं. तुमच्या चपला तपकिरी होत्या, डाव्या पट्ट्याला नवीन टाका होता. म्हणजे मीसुद्धा तिकडेच पाहत होतो. इतरांना काय बोलू?

मी लोकांना सांगितलं होतं, पाहू नका. पाहू नका म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं? मी म्हणायला हवं होतं, एकदा नीट पाहून घ्या आणि मग जेवायला चला. पण ते मला सुचलं नाही. मलाच पाहायची भीती वाटत होती, हे खरं. तुमचं तोंड कसंही असो, त्याची नाही. पाहताना माझं तोंड कसं होईल आणि ते तुम्हाला दिसेल, याची. ओरडण्याचंही तेच. शांत बसलो असतो तर पाहावं लागलं असतं.

आता दाराचं. यावर लिहू की नको, असं फार झालं. गयाबाई म्हणाली, "नका लिहू, बापलेकीत कायले पडता." पण तुम्ही आमच्याबद्दल एक गोष्ट समजून बसला आहात आणि ती तशीच राहिली तर पुन्हा आणखी दोन वर्षं जातील.

पंगतीत मी तुमचं ताट माझ्या शेजारी मांडलं होतं. गयाबाईनं सांगितलं होतं, व्याही व्याह्याशेजारी. ओटी झाल्यावर सोनल ओसरीत आली, तिनं ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबूजी, बाबांना आतच द्या. त्यांना तसंच बरं वाटते. सगळ्यांसमोर नाही जेवत ते." मी म्हटलं, अगं पण आज तरी. ती म्हणाली, "नको. प्लीज." टेबल तिनं लावून घेतलं. चादर तिनं टाकली. तुम्ही बसल्यावर दारही तिनंच लावलं, मी ओसरीतून पाहिलं. लावून ती तिथेच थोडा वेळ उभी राहिली, पाठ लावून. कुणी आत जाऊ नये म्हणून उभी आहे, असं मला वाटलं.

तिला बोलू नका. सातव्या महिन्याची बाई आहे, आणि तिनं काही वाईट मनानं केलं नाही. पण आमच्या घरानं ते दार लावलं नव्हतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.

तुमचा,
केवलराम


मरोदा सेक्टर, भिलाई,
१२ मार्च २०२४

केवलरामजींना नमस्कार.

तुम्ही लिहिलं ते बरं केलं. गयाबाईंना सांगा, बापलेकीत कुणीतरी पडायलाच हवं होतं.

पत्र वाचून मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. मी नुसता पलंगावर पडून राहिलो. ती लग्नाआधी वर्षभर या घरात माझ्यासोबत राहिली, बाप दार लावून जेवतो हे रोज पाहिलं. मी तिला शपथ घातली, कुणाला सांगू नको, कुणाला दाखवू नको. पोरीनं ती पाळली. मी जे लपवलं ते ती लपवायला शिकली. मग ते लपवणं माझ्यासाठी होतं की तिच्या स्वतःच्या लाजेसाठी, हे तिलाही सांगता येईल असं मला वाटत नाही. मी तिला विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं?

चार-पाच दिवस तसेच गेले. मग परवा दुपारी शीलानं नेहमीसारखं ताट आतल्या खोलीत ठेवलं. मी ते उचलून बाहेर घेऊन आलो आणि सोनल जेवत होती तिथे, तिच्या समोर ठेवलं. शीला माझ्याकडे पाहत राहिली. पाण्याचा ग्लास तेवढा सरकवला.

सोनल म्हणाली, "बाबा, आत नाई बसत?"

"नाई."

"मले वाटलं तुमाले आतच बरं वाटते."

"वाटत होतं. आता कंटाळा आला त्या खोलीचा."

तिनं मान खाली घातली आणि जेवायला लागली. मीही लागलो. वरण डाव्या बाजूनं गळत होतं, भाताची शितं गळ्यातल्या टॉवेलवर पडत होती. जे होतं ते सगळं झालं. मला घाम फुटला, घास जास्तच बाहेर येऊ लागला. एकदा वाटलं, उठावं आणि जावं आत, दार कुठे पळून गेलं आहे. तिचं जेवण संपलं. तिचा हात सुकला तरी ती उठली नाही. आणि मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिला त्रास झाला, तो मला दिसला, आणि तिनं तो लपवला नाही. केवलरामजी, ऑपरेशननंतर माझ्या मुलीनं मला जेवताना पाहिलं नव्हतं.

"बाबा, रोजच इतका वेळ लागते तुमाले?"

"रोजच."

"मंग वरण तर थंड होऊन जात असंल."

"शेवटी शेवटी होते."

 शीला उठायला लागली तर सोनलनं तिला हातानं बसवलं. टेबलाला धरून, पोट सावरत उठली, माझ्यासमोरची वरणाची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. वरण गरम करून आणलं, वाटी माझ्यासमोर ठेवली आणि परत समोरच्या खुर्चीत बसून राहिली.

अर्ध्या जेवणात मला कुणी वरण गरम करून देईल, असं मी दारच उघडं ठेवलं नव्हतं. शीलाला तरी कसं कळणार? इतकी वर्षं मी थंड वरण खाल्लं आणि माझ्या तोंडामुळे लोक मला टाळतात असं म्हणत राहिलो.

बारशाला तुम्ही याल तेव्हा माझ्या समोर बसा. शेजारी नको. तुमचं जेवण माझ्या आधी होईल, पण उठू नका.

तुमचा,
नरहरी